रेघेपर्यंत

भर उन्हात, चढणीच्या मध्यावर, जावयाने गाडीतला हीटर लावला तेव्हा सासूबाईंनी खिडकीबाहेरची नजर आत आणली; आधी त्या बटणाकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"इंजिन तापतंय. हीटर लावला की त्याची थोडी उष्णता आत येते. तेवढाच त्याचा भार हलका होतो."

"म्हणजे त्याचा ताप आपण घ्यायचा."

"तसंच."

त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली, काच पूर्ण खाली केली. मागच्या सीटवर दोन बॅगा होत्या आणि डिकीत आणखी तीन. एका माणसाचे सगळे सामान पाच बॅगांत मावते, हे त्याने सकाळी त्या भरताना पाहिले होते. पाहिले होते इतकेच.

समोरच्या तबकडीवर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला होता. दोन वळणे गेली. मग काटा हळूहळू खाली यायला लागला, मध्यावर आला आणि तिथेही न थांबता पार तळाला जाऊन बसला.

"उतरला," तो म्हणाला.

"आणि हवाही गार यायला लागली," सासूबाई जाळीसमोर हात धरून म्हणाल्या. "बरंच झालं. फक्त कसला तरी गोडसर वास येतोय."

त्याने तत्काळ गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

जावई मापनशाळेत कामाला होता. इतरांचे तापमापक खरे बोलतात की नाही, हे तपासणे हे त्याचे काम. त्यामुळे, हे कळायला इतका वेळ लागायला नको होता, हा त्याच्या मनात आलेला पहिला विचार. काट्याला माहिती पुरवणारा संवेदक पाण्यात बुडालेला असतो तोवरच पाण्याचे तापमान सांगतो. पाणीच उरले नाही की तो पोकळीत लोंबकळतो आणि सगळे थंड आहे असे कळवतो. हीटरची हवा गार येते तीही त्याच कारणाने. त्याच्या नळ्यांतून फिरायला गरम पाणी राहिलेले नसते. गाडीतली दोन्ही लक्षणे सुधारली होती, कारण मोजायचे होते तेच संपले होते.

त्याने बॉनेट उघडले. वाफेचा लोट वर आला आणि विरला. सासूबाई उतरून रस्त्याकडेच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या.

"फार बिघडलंय?"

"नाही. वेळेवर थांबलो बहुतेक. तुम्हाला वास आला म्हणून."

"नाक शाबूत आहे अजून," त्या म्हणाल्या. "बाकीचं विचारू नका."

मागून चढण चढत आलेला एक ट्रक त्यांच्याशेजारी येऊन थांबला. चालकाने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून त्या उघड्या बॉनेटची पाहणी केली, जणू पूर्वी कधीतरी त्यानेच ते बंद केले होते.

"काका, झाकणाला हात लावू नका."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असलेलेच भाजून घेतात. आमच्यासारख्यांना भीती असते." तो हसला. "साबण आहे? ओली वडी घासून चिरेवर थापा. घरापर्यंत जाल."

"साबण दाब कसा पेलेल?"

"कसा ते मला काय माहीत. पेलतो."

जावयाने मान हलवली. होकार नव्हे, नुसती हलवली. चालकाने मग सासूबाईंकडे मोर्चा वळवला. "आजी, उन्हात कशाला उभ्या? त्या झाडाखाली बसा. आणि लेकाला म्हणावं घाई करू नको, अर्धा तास तरी निवू दे."

"म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "पण ऐकत नाही तो कुणाचं."

"कुणाचा लेक ऐकतो?" म्हणत चालकाने गिअर टाकला आणि ट्रक कुरकुरत वर निघून गेला.

चूक दुरुस्त करायला दोघांनाही पुरेसा वेळ होता. कुणीच केली नाही. दोघे झाडाखाली जाऊन कठड्यावर बसले. खाली, फार खाली, त्यांच्या शहराची छपरे एकात एक मिसळून गेली होती. वर, आणखी तासाभराच्या चढणीनंतर, पठारावर सासूबाईंच्या मुलाचे घर होते. तिथे त्यांच्यासाठी खोली रंगवून तयार होती. नवा पलंगही आला होता.

हे ठरले कसे, असे कुणी विचारले असते तर दोघांनाही सांगता आले नसते. हिवाळ्यात त्याची बायको गेली. साधी शस्त्रक्रिया होती, मग रक्ताची गाठ झाली. साध्या शस्त्रक्रियांतही ठरावीक प्रमाणात असे होते हे त्याला आधीपासून ठाऊक होते, आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. त्यानंतर तो रोज कामावर गेला, रोज जेवला, रात्री झोपलाही. 'चांगला सावरला' असे लोक म्हणत. तोही ते नाकारत नसे, कारण उलट बाजूने दाखवण्यासारखा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. सासूबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या त्या तिच्या माघारीही राहिल्या. घरात दोन माणसे, तीही मोजके बोलणारी. मग मेहुण्याचा फोन आला: आईला किती दिवस तुमच्या गळ्यात ठेवायचं, आता इकडे आणून सोडा. "माझी काही अडचण नाही," असे तो म्हणाला होता. वाक्य अचूक होते. पण अडचण नसणे म्हणजे 'राहू द्या' म्हणणे नव्हे, आणि हे दुसरे वाक्य त्याने उच्चारले नाही. त्याने सासूबाईंना विचारले, "तुम्हाला जायचंय ना?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं पडेल तसं." ताकाला जाऊन भांडे लपवण्यात दोघेही सारखेच पटाईत. जाण्याचा दिवस ठरला.

"हे चालतं कसं, सांगा तरी," सासूबाई आता गाडीकडे हनुवटी करत म्हणाल्या. "म्हणजे काय बिघडलं ते कळेल. पण शाळेतल्यासारखं नको."

"इंजिनात पेट्रोल जळतं. त्यातली थोडी उष्णता गाडी ओढते, बरीचशी नुसतीच उष्णता राहते. ती काढून नेली नाही तर लोखंड वितळायच्या आधी वाकतं. म्हणून इंजिनाच्या भोवतीनं पाणी फिरवतात. पाणी तापतं, पुढं रेडिएटरमध्ये येतं. तिथं बारीक बारीक नळ्या असतात, आणि नळ्यांना पातळ पत्र्याच्या घड्या. समोरून वारा लागतो, मागून पंखा ओढतो. पाणी निवतं आणि पुन्हा आत जातं."

"म्हणजे पाणी स्वतः काही करत नाही. इकडची धग नेऊन तिकडं टाकतं."

"तेच त्याचं काम."

"मोठं काम आहे," त्या म्हणाल्या. "आणि झाकणाला एवढं का जपायचं?"

"झाकण नुसतं झाकण नाही. ते आतला दाब धरून ठेवतं. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. तापलेलं असताना उघडलं की दाब एकदम सुटतो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं."

"माणसाचंही तसंच," असे कुणीही म्हणाले असते. सासूबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक सफरचंद आणि घडीची सुरी काढली, सफरचंदाचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याला दिला.

तो खात राहिला. इंजिनातून धातू निवल्याचे टकटक आवाज येत होते. आता त्याच्या डोक्यात एक शुद्ध तांत्रिक प्रश्न उभा राहिला होता, आणि असा प्रश्न मिळाल्याचे त्याला बरेही वाटत होते.

"पाणी आजच कसं संपलं, हे कळत नाही," तो म्हणाला. "थोडी गळती होती, कबूल. ती गेल्यावर तिची गाडी मी चालवायला घेतली तेव्हा खाली जमिनीवर ओल दिसली होती. म्हणून रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या टाकीवर खूण केली. पण पाणी उतरलंच नाही. दर रविवारी बघायचो. ओल मग एसीची असणार. गळती आपोआप बुजली, असं धरून चाललो. सुंठीवाचून खोकला गेला."

सासूबाईंनी सुरी रुमालाला पुसली. ती मिटायला त्यांना थोडा वेळ लागला.

"या आठवड्यात घालायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आवराआवरीत."

"काय घालायचं?"

"पाणी."

त्याने त्यांच्याकडे पाहिले.

"आदल्या दिवशीचं उकळलेलं पाणी उरतं ना जगमध्ये, ते," त्या म्हणाल्या. "सकाळी नवं उकळायच्या आधी जुनं गाडीत ओतायचं. ती तसंच करायची. मला म्हणाली होती, आई, ही गाडी माझ्यासारखी आहे, सकाळी उठल्या उठल्या पाणी लागतं हिला. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दाखवून ठेवलं मला, कुठलं झाकण, कुठलं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणाली."

"मला बोलली नाही कधी."

"तुम्ही गॅरेजमध्ये नेली असती. मग ते दहा गोष्टी काढतात, असं तिचं म्हणणं."

हे खरे होते. त्याने नेली असती.

"आणि तुम्ही रोज घालत होता."

"रोज. तुम्ही अंघोळीला गेलात की. आधी आपलं अंदाजानं घालायची. मग तुम्ही ती काळी रेघ मारलीत, तेव्हा सोपं झालं."

"रेघ?"

"टाकीवर. मला वाटलं, माझ्यासाठीच मारलीत. इथवर भरा म्हणून." त्या थांबल्या. "म्हटलं, बघा, यांना माहीत आहे आणि बोलत नाहीत. यांची पद्धतच तशी. मग मीही बोलले नाही. रोज बरोब्बर रेघेपर्यंत भरत गेले. थेंब इकडं नाही, तिकडं नाही."

जावयाने हातातल्या सफरचंदाच्या बिया मोजल्यासारख्या पाहिल्या आणि तो गाभा कठड्यावर ठेवला.

रेघ त्याने पाणी किती उतरते हे कळावे म्हणून मारली होती. दर रविवारी पाणी त्या रेघेला टेकलेले असे; केसभर वर नाही, केसभर खाली नाही. वस्तुतः अशा टाकीतली पातळी हवेनुसारसुद्धा थोडी हलते. इतके स्थिर वाचन मापनशाळेत कुणी आणून दाखवले असते तर त्याने आधी वाचन घेणाऱ्यावर संशय घेतला असता. इथे त्याने घेतला नाही. त्याने जी मोजली ती गळती नव्हती. महिनोन्महिने, दर रविवारी, हातात टॉर्च घेऊन, तो सासूबाईंना मोजत होता. आणि त्यातून काही गळत नाही, असा निष्कर्ष काढत होता.

आता आपल्याला काहीतरी वाटायला हवे, असे त्याला वाटले. त्याने थोडी वाट पाहिली. काही आले नाही. फक्त खालची छपरे जरा जास्त स्पष्ट दिसू लागली, आणि तेही ढग सरकल्यामुळे असणे शक्य होते.

"चुकलं का माझं काही?" सासूबाईंनी विचारले.

"नाही." मग, स्वभावाप्रमाणे, पुढे म्हणाला, "नुसतं पाणी घालत राहिलं की आतलं कूलंट, म्हणजे गोड वासाचं ते द्रव, पातळ होत जातं. त्यानं पाणी लवकर उकळतं, आतून गंज चढतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं असायला हवं. पण पाणी उकळलेलं होतं हे चांगलं. साध्या पाण्याचा क्षार बसतो नळ्यांत. उकळलं की तो भांड्यातच राहतो."

"म्हणजे निम्मं पास."

"निम्म्याहून जास्त."

त्या हसल्या, नाकातून, आवाज न करता. त्यांची लेकही तशीच हसायची. हे त्याच्या आज प्रथम लक्षात आले असे नव्हे.

"मी गेल्यावर घालत जा मग," त्या समोर पाहत म्हणाल्या. "निम्मं निम्मं काय ते. आणि त्या पुढच्या जाळीत किडे अडकतात, ते पाण्यानं धुवायचे, जोराची धार नाही मारायची, पत्रा वाकतो. तिनं सांगितलं होतं. आता तुम्हाला सांगून ठेवते. घरात दुसरं आहे कोण सांगायला?"

तो उठून गाडीपाशी गेला. झाकणावर रुमाल टाकून पाव फेरा फिरवला, फुसफुस थांबेपर्यंत थांबला, मग पूर्ण काढले. आत बोट घातले तर ओलही लागली नाही. सासूबाई मागोमाग पिशवी घेऊन आल्या. पिशवीत दोन मोठ्या बाटल्या होत्या. प्रवासासाठी म्हणून उकळून भरून घेतलेले पाणी.

"हळूहळू," तो म्हणाला. "तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तडा जातो."

"मला शिकवताय?" म्हणत त्यांनी बाटली तिरपी केली. धार बोटाएवढी बारीक होती आणि शेवटपर्यंत तेवढीच राहिली. त्यांचा हात सरावलेला होता. एक थेंबही सांडत नव्हता, आणि तो त्याकडेच पाहत होता.

गळतीची जागा पाणी आत गेल्यावर आपोआप दिसली. रेडिएटरच्या वरच्या तोंडाला रबरी नळी जिथे बसते तिथली क्लिप सैल होती. पट्टीखालून थेंब जमत, लोंबत आणि पडत होता. चढणीवर दाब वाढला तसा त्याचा पाझर झाला असणार. भोक नव्हते, चीर नव्हती. कुणीतरी एकदा स्क्रू पिळला असता तर एवढ्या सकाळी, एवढे पाण्याचे जग, एवढी रेघ यातले काहीच लागले नसते.

"तुमची सुरी द्या."

सुरीच्या टोकाने त्याने स्क्रू आवळला. एक फेरा, मग अर्धा. थेंब आखडला आणि थांबला. त्याने इंजिन सुरू केले, बुडबुडे निघून जाईपर्यंत झाकण उघडे ठेवले, उरलेली बाटलीही ओतून घेतली, झाकण लावले. काटा चढत चढत मध्यावर आला आणि तिथेच राहिला. हीटरची जाळी आता गरम हवा टाकत होती. त्याने पंखा सुरू होईपर्यंत वाट पाहिली. पंखा लागला, थोड्या वेळाने थांबला. सगळे जसे व्हायला हवे तसे होत होते. सासूबाई हे सगळे शेजारी उभ्या राहून पाहत होत्या.

क्लिपच्या सांध्यावर त्याने बोट फिरवले. कोरडे होते.

वर अजून तासाभराची चढण होती. पाण्यात कूलंट जवळजवळ नव्हते, हे खरे; पण सांधा धरला होता, दाब टिकत होता, एसी बंद ठेवून सावकाश गेले तर गाडी सहज वर पोचली असती. असा अहवाल कुणी त्याच्यासमोर ठेवला असता तर त्याने न अडखळता सही केली असती.

सासूबाईंचा फोन वाजला. मुलाचा होता. त्यांनी तो कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने दुसरा कान झाकला.

"हो, अरे, वाटेतच आहोत. गाडी तापली... नाही, आम्ही बरे आहोत. बघतायत ते." त्यांनी फोन किंचित खाली घेतला. "विचारतोय, पोचाल ना म्हणून. जेवायला थांबलेत सगळे."

जावई वाकलेलाच राहिला.

"चढ झेपणार नाही तिला," तो म्हणाला.

सासूबाईंनी तबकडीकडे पाहिले नाही. काच उघडी होती आणि काटा तिथून दिसत होता.

"आणि उतार?" त्यांनी विचारले.

"उताराला इंजिनावर भार नसतो. घरापर्यंत जाईल."

फोनमधून लहानसा, अस्पष्ट आवाज येत होता. मग त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "चढणार नाही म्हणतायत. परत न्यावी लागेल. तुम्ही जेवून घ्या... हो, सामान सगळं आहे गाडीत, राहू दे... आता ते मला काय ठाऊक, थांब." त्यांनी फोन हाताने झाकला. "नीट व्हायला किती दिवस लागतील, विचारतोय. म्हणजे त्याप्रमाणे तो स्वतःच येईल न्यायला."

त्याने क्लिपकडे पाहिले. स्क्रूच्या खाचेत सुरीच्या टोकाचा ताजा, चकचकीत ओरखडा होता.

"बरेच," तो म्हणाला. "रेडिएटर उतरवावा लागेल. नळ्याही बदलाव्या लागतील. आणि त्यानं गडबड करून यायची गरज नाही, म्हणावं." तो थांबला. पुढचे वाक्य त्याला पूर्ण सापडले नसावे. त्याने होते तेवढे दिले. "तुम्ही आहात इकडे."

सासूबाईंनी हात काढला. "बरेच म्हणतायत," त्या फोनमध्ये म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा सावकाश. "हो. सांगते त्यांना."

त्या गाडीच्या पलीकडून वळसा घालून दाराकडे निघाल्या. समोरून जाताना पुढच्या चाकाशी त्यांची पावले किंचित रेंगाळली. तो अजून वाकलेला होता. त्याने सांध्यावर पुन्हा एकदा, अगदी त्यांच्या समोर, बोट फिरवले. बोट कोरडेच निघाले. ते त्याने खिशातल्या रुमालाला नीट, दोन्ही बाजूंनी पुसले आणि बॉनेट लावले.